स्वमग्नता व विकासात्मक अक्षमता : उपचारपद्धतींचा इतिहास

बालपणी, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, भाषा, सामाजिक देवघेव, आकलन वा हालचालींवरील ताबा यांच्या विकासात येणाऱ्या दीर्घकालीन अडचणींना ‘विकासात्मक अक्षमता’ ही व्यापक संज्ञा आहे. बौद्धिक अक्षमता (पूर्वीची ‘मतिमंदता’), मेंदूचा पक्षाघात व स्वमग्नता या तीत मोडतात. इतरांशी संवाद साधण्यातील अडचण, ठराविक क्रियांची पुनरावृत्ती, ठरलेल्या क्रमाचा आग्रह आणि आवाज, प्रकाश, स्पर्श इत्यादींविषयी अतितीव्र वा मंद संवेदन ही स्वमग्नतेची प्रमुख लक्षणे होत. स्वमग्नता पूर्णपणे नाहीशी करणारे औषध आजवर उपलब्ध नाही. त्यामुळे येथे ‘उपचार’ या शब्दाचा अर्थ मुख्यतः शिक्षण, सराव व परिसराची अनुकूल मांडणी असा होतो. हा अर्थ रूढ होण्यास सुमारे दोन शतके लागली. उपचार कोणी, कोठे आणि कोणत्या भाषेत द्यावयाचा, हा त्याचाच पुढील प्रश्न असून नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तो विशेष तीव्रतेने जाणवतो.

पाश्चात्त्य पूर्वपीठिका : फ्रान्समधील आव्हेराँ परिसरात १८०० साली जंगलात वाढलेला, न बोलणारा एक मुलगा सापडला. तो सुधारण्यापलीकडचा आहे, असे त्या काळच्या नामवंत वैद्यांचे मत होते. ते अमान्य करून झां ईतार (१७७४–१८३८) या तरुण वैद्याने त्याला काही वर्षे चिकाटीने शिकविले. मुलगा बोलू लागला नाही. परंतु त्याने काही लिखित शब्द ओळखले व माणसांशी जिव्हाळा जोडला. ईतारचा शिष्य एद्वार सेगँ (१८१२–८०) याने हात, डोळे, कान यांच्या क्रमबद्ध सरावावर आधारित अशी शिक्षणपद्धती उभारली. तिचाच आधार घेऊन मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी रोम येथे प्रथम मंदबुद्धी मुलांना शिकविले आणि १९०७ मध्ये सर्वसाधारण मुलांसाठी आपले पहिले बालगृह उघडले. बालशिक्षणाची एक जगन्मान्य पद्धती अक्षम मुलांच्या शाळेतून निघाली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

‘स्वमग्नता’ या अर्थाची पाश्चात्त्य संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉयलर याने विसाव्या शतकाच्या आरंभी छिन्नमानसाच्या एका लक्षणासाठी योजली. मॉस्को येथील ग्रून्या सुखारेव्हा यांनी १९२५ मध्ये, बॉल्टिमोर येथील लीओ कॅनर (१८९४–१९८१) याने १९४३ मध्ये अकरा मुलांच्या अभ्यासावरून आणि व्हिएन्ना येथील हान्स आस्परगर (१९०६–८०) याने १९४४ मध्ये या अवस्थेची वर्णने केली. पुढील वीस वर्षे मात्र चुकीच्या समजुतीत गेली. आईच्या थंड, मायाशून्य वागण्याने मूल स्वतःत मिटून जाते, असा सिद्धांत त्या काळी प्रबळ होता. ब्रूनो बेटलहाइम याने १९६७ च्या आपल्या ग्रंथात तो उचलून धरला. आधीच खचलेल्या मातांवर अपराधाचे ओझे लादणारा हा सिद्धांत पुराव्याने टिकला नाही. मानसशास्त्रज्ञ आणि स्वमग्न मुलाचा पिता असलेल्या बर्नार्ड रिमलंड याने १९६४ मध्येच ही अवस्था मेंदूच्या जडणघडणीशी निगडित असल्याचे प्रतिपादन केले होते. सूझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांच्या १९७७ मधील जुळ्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट केला.

प्रमुख उपचारपद्धती : (१) वर्तनोपचार : शिकावयाचे कौशल्य लहान पायऱ्यांत विभागून प्रत्येक यशानंतर प्रोत्साहन द्यावयाचे, हे याचे तत्त्व. ईव्हार लोव्हास याने १९८७ मध्ये आठवड्याला सुमारे चाळीस तास शिकविलेल्या एकोणीस मुलांपैकी नऊ मुले सर्वसाधारण शाळेत बसू शकल्याचे प्रसिद्ध केले. गटांची यादृच्छिक निवड नसणे आणि शिक्षेचा वापर यांमुळे या प्रयोगावर कठोर टीका झाली. आजचे वर्तनोपचार शिक्षा टाळून खेळातून व नित्य व्यवहारांतून शिकविण्यावर भर देतात. (२) संरचित शिक्षण : एरिक शॉप्लर याच्या पुढाकाराने उत्तर कॅरोलायना राज्यात १९७२ पासून सुरू झालेल्या कार्यक्रमात दिवसाचा क्रम चित्रांनी दाखविणे, प्रत्येक कामाची जागा निश्चित करणे आणि आईवडिलांना सहशिक्षक मानणे ही तत्त्वे रुजली. (३) वाचा-भाषोपचार : यात उच्चारांबरोबर खुणा व चित्रे यांचाही उपयोग होतो. हवी ती वस्तू मागण्यासाठी तिचे चित्र समोरच्याच्या हाती देण्याची पद्धत १९८५ च्या सुमारास अमेरिकेत विकसित झाली. चित्रांमुळे बोलणे मागे पडते ही भीती अनाठायी ठरली आहे. (४) व्यवसायोपचार : जेवणे, कपडे घालणे, लिहिणे यांसारख्या क्रियांचा सराव आणि संवेदनांचे नियमन यांवर यात भर असतो. (५) औषधे : तीव्र चिडचीड, झटके, निद्रानाश यांसारख्या सहवर्ती त्रासांपुरताच त्यांचा उपयोग असतो.

निश्चित इलाज नसल्याने भूलथापांनाही वाव मिळाला. लसीमुळे स्वमग्नता येते असा दावा करणारा १९९८ चा इंग्लंडमधील लेख २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. व्यापक अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. मूलपेशी-उपचारांची शिफारस स्वमग्नतेसाठी करता येत नाही, असे भारताच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

महाराष्ट्रातील वाटचाल : ब्रिटिश अमदानीत १९१२ च्या कायद्याने ‘वेडा’ या संज्ञेतच जडबुद्धी व्यक्तीचा समावेश केला होता. शिकविण्याजोगे मूल आणि उपचारयोग्य मनोरुग्ण यांतील भेद त्यामुळे पुसला गेला. पर्यायी विचाराचा आरंभ मुंबईत झाला. सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन चिकित्सालय उघडले. चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ मध्ये मानखुर्द येथे मंदबुद्धी मुलांसाठी निवासगृह सुरू केले. त्याच सुमारास धारवाड येथील व्ही. व्ही. कामत यांनी बीने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे मराठी व कन्नड मुलांसाठी प्रमाणीकरण केले. मुलाची कुवत त्याच्याच भाषेत मोजली पाहिजे, या तत्त्वाचा हा आरंभीचा भारतीय आविष्कार होय.

मुंबईत १९४४ मध्ये श्रीमती जय वकील यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने लहानशी शाळा काढली. पुढे शिवडी येथे विस्तारलेली ही संस्था देशातील अशा आद्य संस्थांत गणली जाते. तिने तयार केलेला ‘दिशा’ हा अभ्यासक्रम नंतर राज्यातील बौद्धिक अक्षम मुलांच्या विशेष शाळांत स्वीकारण्यात आला. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये ‘कामायनी’ची आणि नाशिक येथे रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी विद्यामंदिरा’ची स्थापना केली. मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलांसाठी मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत ‘स्पास्टिक्स सोसायटी’ उभारली. यांपैकी अनेक संस्थांचा उगम शासकीय योजनेत नसून एखाद्या पालकाच्या निकडीत आहे, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.

उपचारव्यवसायांचा पायाही याच काळात घातला गेला. कमला निंबकर यांनी १९४७ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचार विभाग सुरू केला आणि १९५० मध्ये तेथे प्रशिक्षण-शाळा निघाली. वाचोपचाराचे शिक्षण १९६० नंतरच्या दशकात मुंबईचे नायर रुग्णालय व म्हैसूर येथील राष्ट्रीय संस्था यांतून मिळू लागले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी अंगणवाडीचा प्रयोग केला. तो अक्षम मुलांसाठी योजलेला नव्हता. परंतु माँटेसरी साधनांऐवजी बिया, शंख, पाने, खडे वापरून आणि शाळाच पाड्यावर नेऊन त्यांनी दाखविलेली दिशा उपचारांच्या दृष्टीनेही मोलाची ठरते.

स्वमग्नता मात्र दीर्घकाळ मतिमंदतेत, बहिरेपणात वा ‘बाधे’त गणली जाई. दिल्लीत १९९१ मध्ये मेरी बरुआ यांनी ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ या पालकसंस्थेची स्थापना केल्यावर देशभर चित्र पालटू लागले. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांचे ‘उम्मीद’ बालविकास केंद्र २००१ मध्ये सुरू झाले. पुण्याच्या ‘प्रसन्न’ केंद्रासारख्या केवळ स्वमग्न मुलांसाठीच्या शाळाही पुढे निघाल्या.

कायदेशीर मान्यता : १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदतेला मनोविकारांच्या व्याख्येतून वगळले. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात मतिमंदता होती, पण स्वमग्नता नव्हती. तिला प्रथम स्थान मिळाले १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने अक्षमतांची संख्या सातावरून एकवीसवर नेली व स्वमग्नतेचा त्यांत स्पष्ट समावेश केला. २०११ च्या जनगणनेत मात्र स्वमग्नतेचा स्वतंत्र रकाना नव्हता. त्यामुळे जिल्हावार संख्या त्या गणनेतून मिळत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, उत्तर गोव्यासह पाच ठिकाणच्या पाहणीत दोन ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे आठांत एकास कोणती तरी मज्जाविकासविषयक अडचण आढळली. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला.

नंदुरबार जिल्हा : धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १६·४८ लाख असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. वर उल्लेखिलेल्या संस्था मुंबई, पुणे, नाशिक अशा शहरांत वाढल्या. सातपुड्यातील अक्राणी (धडगाव) व अक्कलकुवा तालुक्यांतील विखुरलेल्या पाड्यांपासून त्या फार दूर आहेत. सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या काठच्या वस्त्यांसाठी तर तरंगते दवाखाने चालवावे लागले. आठवड्यातून अनेकदा घ्यावयाचा उपचार अशा ठिकाणच्या कुटुंबास परवडणे कठीण असते. शिवाय ऊसतोड व अन्य मजुरीसाठी अनेक कुटुंबे हंगामी स्थलांतर करतात, तेव्हा सुरू झालेला सराव मध्येच तुटतो.

भाषेचा प्रश्न याहूनही सूक्ष्म आहे. जिल्ह्यात भिलीची विविध रूपे, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजरी इ. बोली घरोघरी बोलल्या जातात. जे मूल मुळातच शब्दांपाशी अडखळते, त्याची तपासणी प्रमाण मराठीत केली, तर परकी भाषा आणि विकासातील अडचण यांची गल्लत होण्याचा धोका असतो. न बोलणारे मूल ‘भाषा कळत नाही’ म्हणून दुर्लक्षिले जाते, किंवा केवळ बुजरे असलेले मूल मंद ठरते. कुपोषणामुळे होणारा विकासातील विलंबही वेगळा ओळखावा लागतो. योग्य आहार मिळाल्यावर भरून येणारी उणीव आणि दीर्घकाळ शिक्षणोपचार मागणारी अवस्था यांची वाट एक नसते.

यावरील शासकीय उपाय मुख्यतः राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा होय. त्याचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावी आणि विकासात मागे पडणाऱ्या मुलांना जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी त्याची रचना आहे. ओळख पटणे ही पहिली पायरी होय. खरी कसोटी मूल केंद्रातून पाड्यावर परतल्यावर लागते.

या संदर्भात गोव्यातील ‘संगथ’ संस्था व पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधकांनी मिळून केलेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग महत्त्वाचा आहे. ब्रिटनमधील एक पद्धत स्थानिक परिस्थितीनुसार बदलून तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ६५ स्वमग्न मुलांच्या पालकांपैकी एका गटास मार्गदर्शन केले. मुलाशी खेळताना त्याच्या लकबी ओळखून त्यांना प्रतिसाद कसा द्यावा, हे पालकांना दाखविण्यात आले. या गटातील पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला आणि मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद साधू लागली. सर्वच मापनांत सुधारणा दिसली नाही, तरीही दूरस्थ तज्ज्ञाऐवजी प्रशिक्षित स्थानिक व्यक्ती हा उपचार देऊ शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

नंदुरबारच्या दृष्टीने या निष्कर्षाचा अर्थ उघड आहे. घरची बोली बोलणाऱ्या अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या गावोगाव आहेत. त्यांना योग्य प्रशिक्षण, तज्ज्ञांची नियमित देखरेख व वाढीव कामाचा मोबदला मिळाल्यास उपचार पाड्यापर्यंत पोहोचू शकतो. या तिन्हींवाचून मात्र ते आधीच भारलेल्या कार्यकर्त्यांवरील आणखी एक ओझे ठरेल. घरातील भांडी, बिया, शेळ्या, बाजाराचा दिवस व सणांचा क्रम हेच तेथे सरावाचे साहित्य होऊ शकते. एकेकाळी मातेला दोषी ठरविणाऱ्या या शास्त्राने आता तिला प्रमुख उपचारक मानले आहे. तिला तिच्या बोलीत आणि तिच्या दारी साहाय्य पोहोचविणे, हे या क्षेत्रातील पुढील कार्य होय.