लेझरआधीचा लायडार

लायडार म्हणजे लेझरचं रडार, असंच बहुतेकांना वाटतं. आज ते खरंही आहे. पण हा शब्द मिडलटन आणि स्पिलहाउस यांच्या हवामान-उपकरणांवरच्या पुस्तकात १९५३ साली आला, आणि पहिला लेझर उजळला १९६० च्या मे महिन्यात. तेव्हा लायडारमधला 'ला' लेझरचा नव्हेच. तो साध्या उजेडाचा, इंग्रजी 'लाइट'चा.

कल्पना तर त्याहूनही जुनी, डब्लिनची. नाटककार जे. एम. सिंग यांचा पुतण्या एडवर्ड हचिन्सन सिंग. पदवी न घेताच त्याने कॉलेज सोडलेलं. १९३० साली त्याने सुचवलं की विमानं हुडकायचे सर्चलाइट आभाळाकडे रोखावेत आणि दूर ठेवलेल्या दुर्बिणीतून झोताचा एकेक टप्पा न्याहाळावा. तिथून येणाऱ्या उजेडावरून वरच्या हवेची घनता काढता येईल.

कौलाच्या फटीतून स्वयंपाकघरात उतरलेला कवडसा आठवा. ऊन सरळ जमिनीवर जातं, तरी बाजूला बसलेल्याला त्याची तिरपी पट्टी दिसते, कारण वाटेतले धूलिकण थोडा उजेड त्याच्याकडे उडवतात. चूल पेटली की तीच पट्टी दाट होते. सिंगने हा कवडसा जमिनीवरून आभाळात सोडायचं म्हटलं. वर धूळ संपली, तरी हवेचे रेणू थोडा उजेड उडवतच राहतात.

अमेरिकेत हल्बर्टने १९३७ साली सर्चलाइटच्या झोताचे फोटो घेऊन २८ किलोमीटरपर्यंतची हवा तपासली. सिंग १९५७ मध्ये वारला. लेझर काही त्याला पाहायला मिळाला नाही. याची मला फार हळहळ वाटते.

लेझरने काय दिलं? क्षणाचाही अंश पुरेल इतका आखूड, तरी प्रखर ठोका. आता उंचीसाठी दूरची दुर्बीण नको, घड्याळ पुरे. परतीचा उजेड एक मायक्रोसेकंद उशिरा आला, तर कण १५० मीटर लांब. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीत स्मलिन आणि फिओको यांनी १९६२ च्या मे महिन्यात माणकाच्या लेझरचे ठोके चंद्रावर पाठवून त्यांचा परतीचा उजेड टिपला. पुढच्याच वर्षी तेच तंत्र वातावरणाकडे वळलं. १९६३ मध्येच बालीतला आगुंग ज्वालामुखी फुटला होता. त्यानंतर फिओको आणि त्याचा सहकारी ग्रॅम्स यांनी २० किलोमीटरच्या आसपास तरंगणारा कणांचा थर नोंदवला. तिथे जाऊन परतायला उजेडाला जेमतेम १३३ मायक्रोसेकंद लागतात. जमिनीवर बसून, हवेला हातही न लावता आभाळातल्या कणांचा थर असा मोजता येऊ लागला. गंमत म्हणजे हे दोघे आपल्या यंत्राला 'ऑप्टिकल रडार' म्हणत. लायडार हे नाव रुळलं नंतर.

पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत १९८६ पासून जो लायडार चालला, तो आर्गॉन लेझरचा होता. त्याचा झोत अखंड, ठोके नाहीत. म्हणून घड्याळ निरुपयोगी. लेझर एकीकडे, दुर्बीण थोड्या अंतरावर. दुर्बीण किती तिरकी, त्यावरून होणाऱ्या त्रिकोणातून कणांची उंची. पुण्याच्या हवेतली धूळ मोजायला लेझर नवा होता, मांडणी मात्र सिंगच्या १९३० च्या सर्चलाइटचीच.