संयोगांच्या अभ्यासाची वाटचाल

उद्योगाच्या यशामागे एकच कारण न शोधता अनेक घटकांचा संयोग शोधणाऱ्या संशोधनपद्धतीची मुळे जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये मांडलेल्या साम्य आणि भेद यांच्या तर्कपद्धतींत सापडतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स रेगिन यांनी १९८७ मध्ये या विचाराला जॉर्ज बूल यांच्या तर्कगणिताची जोड देऊन गुणात्मक तुलनात्मक विश्लेषण ही पद्धत सिद्ध केली. तीत प्रत्येक उदाहरण सत्यता सारणीत, म्हणजे घटकांचे असणे-नसणे नोंदवणाऱ्या तक्त्यात, मांडले जाते. भांडवल, अनुभव आणि सरकारी साहाय्य असे तीन घटक घेतल्यास ८ संयोग संभवतात, आणि भांडवल व अनुभव असताना साहाय्य मिळो वा न मिळो, उद्योग टिकतच असेल, तर साहाय्य यशाच्या सूत्रातून गळते. भांडवल ‘थोडेफार’ असण्याची अडचण सोडवण्यासाठी रेगिन यांनी २००० मध्ये लोत्फी झादे यांची १९६५ ची अंशात्मक सदस्यत्वाची, म्हणजे ० ते १ यांदरम्यानच्या मूल्यांची, संचकल्पना स्वीकारली. पीअर फिस यांच्या २०११ मधील उच्च तंत्रज्ञान कंपन्यांवरील अभ्यासानंतर व्यवस्थापनशास्त्रात आणि उद्योजकतेच्या संशोधनात या पद्धतीचा प्रसार वाढला. यशाच्या वाटा अनेक असतात, हे पडताळून पाहता येईल अशा रीतीने दाखवणे, हेच या पद्धतीचे खरे योगदान होय.