जोडलेल्या हातांची कुळकथा

लालबाग-परळकडच्या कुठल्याही चाळीचा किंवा मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा आणि दोन-चार दिवसांचे मेसेज वर सरकवत जा. सगळ्यात जास्त काय दिसेल, तर जोडलेले हात. सकाळच्या सुविचाराखाली हात, वर्गणीची पावती मिळाली की हात, उद्या पाणी उशिरा येणार या सूचनेलाही हात. आणि कुणी गेल्याची बातमी आली, की एकाखाली एक पन्नास-साठ हात. हे चित्र इथलं नव्हे, जपानचं. तरी ते मुंबईत उपरं वाटलं नाही, कारण त्याची जागा आपल्या पत्रांनी फार आधी राखून ठेवली होती.

मराठी पत्र नमस्काराशिवाय सुरूच होत नसे. वडिलांना ‘शि. सा. न. वि. वि.’, बरोबरीच्याला ‘स. न. वि. वि.’, धाकट्याला ‘अ. उ. आ.’. शिरसाष्टांग नमस्कार, सप्रेम नमस्कार, अनेक उत्तम आशीर्वाद. पूर्ण शब्द कुणी लिहीत नसे आणि कुणाला त्याची गरजही भासत नसे. गिरणगावात एकेका खोलीत पंधरा-वीस गडी पाळ्यांप्रमाणे झोपत. त्यांतल्या लिहितावाचता येणाऱ्याकडे बाकीच्यांची पत्रं लिहायचं काम आपसूक येई. कोकणात किंवा घाटावर जाणाऱ्या मनीऑर्डरच्या फॉर्मवर मजकुरासाठी बोटभर जागा असायची. तेवढ्यात पैसे कशासाठी ते सांगायचं, खुशाली कळवायची आणि ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ही बसवायचं. जागा कितीही कमी असो, नमस्कार गाळला जात नसे. मला या कुळकथेचा खरा आरंभ तिथेच दिसतो.

दुसरा पूर्वज तारेचा. भारतीय तार खात्याने शुभेच्छांची ठरावीक वाक्यं करून त्यांना क्रमांक दिले होते. दिवाळीच्या शुभेच्छा म्हणजे १, सुखी आणि दीर्घ वैवाहिक आयुष्याच्या शुभेच्छा म्हणजे ८. फाउंटनच्या मध्यवर्ती तार कार्यालयातून ८ आकडा सुटायचा आणि पलीकडच्या गावात पूर्ण वाक्य कागदावर उतरायचं. प्रवास आकडा करी, वाक्य पोचल्यावर तयार होई. जुलै २०१३मध्ये तारसेवा बंद झाली, पण ही युक्ती मोबाइलमध्ये जशीच्या तशी चालू आहे.

कारण इमोजी म्हणजे पाठवलेलं चित्र नव्हे, तोही एक आकडाच. जपानमध्ये १९९७ साली जे-फोन कंपनीच्या एका मोबाइलमध्ये ९० चित्रं आली. १९९९मध्ये एनटीटी डोकोमोच्या आय-मोड सेवेसाठी शिगेताका कुरिता यांच्या हाताखाली १७६ चित्रं तयार झाली, प्रत्येक बारा बाय बारा ठिपक्यांत बसवलेलं. पण एका कंपनीचा आकडा दुसरीच्या फोनला कळत नसे. तो घोळ मिटवण्यासाठी युनिकोड या संगणकीय चिन्हांच्या जागतिक प्रमाणाने ऑक्टोबर २०१०मध्ये जपानी कंपन्यांची ही चित्रं एकाच यादीत घेतली. जोडलेल्या हातांना आकडा मिळाला १,२८,५९१. चेहरे आणि हावभावांच्या ८० जागांच्या त्या गटातली ही अगदी शेवटची जागा. नाव दिलं ‘हात जोडलेली व्यक्ती’. म्हणून सुरुवातीला काही फोनवर अख्खा माणूस दिसायचा, तर काहींवर नुसते तळवे. ॲपलने निळ्या बाह्यांचे हात काढले आणि काही वर्षं त्यांच्यामागे पिवळे किरणही ठेवले. पुढे किरण गेले, बाह्या राहिल्या.

जपानी माणूस हात जोडतो तो ‘कृपा करा’, ‘आभारी आहे’ म्हणताना, आणि जेवायला सुरुवात करण्याआधीही. पाश्चात्त्य देशांत ते प्रार्थनेचे हात ठरले. काहींना तर ते दोन माणसांनी एकमेकांना दिलेली टाळी वाटले आणि त्यावर बरेच वाद झाले. आपल्याकडे असा प्रश्न उठलाच नाही.

उठणार तरी कसा? हे चित्र आपल्या फोनमध्ये येण्याआधीच लोकांनी ते स्वतः घडवलं होतं. आधी अंडरस्कोर, मग एक तिरपी रेघ, तिला टेकलेली उलटी तिरपी रेघ, पुन्हा अंडरस्कोर. एसएमएसच्या आणि ईमेलच्या काळात कीबोर्डच्या चार चिन्हांनी उभा केलेला तो नमस्कार ज्यांनी पाठवला असेल, त्यांना आठवेल. मधल्या दोन रेघा म्हणजे बोटं, कडेच्या दोन आडव्या म्हणजे कोपरं. पुढे स्मार्टफोन आले, सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, आणि ज्यांनी कधी टाइप केलं नव्हतं अशा आजी-आजोबांच्या हातीही हा नमस्कार पडला.

त्यातून एक बदल घडला, तो मला सगळ्यात मोठा वाटतो. पत्रात नमस्कार खालून वर जायचा. काका पुतण्याला नमस्कार लिहीत नसत, आशीर्वाद लिहीत. आज सत्तरीतले काका पुतण्याच्या मेसेजखाली बिनदिक्कत जोडलेले हात टाकतात आणि त्याला ते अवघड वाटत नाही. ‘पोचलं’, ‘छान केलंस’, ‘बरं झालं’ हे सगळं त्या एका चित्रात मावतं. मराठी घरातली मानाची उतरंड इतक्या सहज दुसऱ्या कशानेच सैल केली नसेल.

त्याचा आणखी एक अर्थ अस्सल आपला आहे, कोपरापासून हात जोडण्याचा. पुनर्विकासावरून ग्रुपमध्ये जुंपते. बिल्डर बदलायचा की नाही, कॉर्पस किती, भाडं कधीपासून. मग कुणीतरी लिहितं, ‘माझ्याकडून विषय संपला’, आणि पुढे दोन हात. इथे आदर नाही, आभार नाहीत. आपल्याला मात्र क्षणात कळतं.

२०२०-२१च्या करोनाकाळात या चित्रावर फार मोठा भार आला. अंत्यविधीला वीसच माणसं, शेजाऱ्याच्या दारात जायची चोरी. एरवी ज्या चाळीत कुणी गेलं की बिऱ्हाडाबिऱ्हाडातून माणसं गॅलरीत येऊन उभी राहत, तिथे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेले हात हीच हजेरी उरली. विरार-डोंबिवलीला गेलेले जुने भाडेकरूही त्या ओळीत येऊन उभे राहिले. याला यांत्रिक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. घरच्यांनी ते हात एकेक करून वाचले. कोण आलं आणि कोण नाही, ते त्यांच्या लक्षात राहिलं.

मे २०२२मध्ये व्हॉट्सॲपने मेसेजलाच चिकटवता येणारी सहा चिन्हं दिली. अंगठा, बदाम, हसरा, चकित आणि रडका चेहरा यांच्या जोडीला सहावे हे हात. आता पावत्या, सूचना, सुविचार यांना लोक बोट दाबून हात चिकटवतात आणि पुढे जातात. निधनाच्या बातमीला मात्र गिरगाव-लालबागच्या जुन्या मंडळींना तेवढं चालत नाही. ते नवा मेसेज उघडतात, नाव लिहितात, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितात आणि मगच हात जोडतात.