महागडं फाउंटन पेन: आपण पैसे नेमके कशाचे मोजतो?

आजचा विषय जरा चैनीचा आहे. महागडं फाउंटन पेन घ्यायचं ठरवलं, तर ते निवडायचं कसं? तुम्ही म्हणाल, हे दुकानदाराला विचारावं, इतिहासाच्या व्याख्यानात कशाला? पण दुकानदार तुम्हाला आजची किंमत सांगेल. ती किंमत कशी घडली, हे कळायला इतिहासातच जावं लागतं. पाचशे रुपयांचं चांगलं पेन आणि पन्नास हजारांचं पेन, दोघांनी ओढलेल्या रेघेत फरक फार थोडा असतो. मग मधले पैसे जातात कुठे? गेल्या एकशेचाळीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर निदान चार वेळा बदललं आहे. ती चार उत्तरं आज क्रमानं बघू या.

पहिलं उत्तर अगदी साधं: पेन गळू नये याचे पैसे. टाक आणि दौतीच्या काळात दर दोन-चार शब्दांनी टाक बुडवावा लागे. पेनच्या पोटातच शाई भरावी ही कल्पना जुनी होती, पण ती काही केल्या जमत नव्हती. शाई एक तर उतरायची नाही, किंवा भसकन सगळी कागदावर यायची. कारण जेवढी शाई बाहेर येते, तेवढी हवा आत जायला हवी. न्यूयॉर्कमध्ये लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली ज्या रचनेचं पेटंट घेतलं, तिचं मर्म हेच होतं. निबच्या खाली जी पट्टी असते, जिला फीड म्हणतात, तिच्यात त्यांनी बारीक खाचा पाडल्या. त्यामुळे शाई थोडी थोडी उतरू लागली आणि हवा आत जाऊ लागली. वॉटरमन विमा एजंट होते, ऐन सहीच्या वेळी पेन गळलं आणि त्यांचं गिऱ्हाईक गेलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती जाहिरातीतून पसरलेली गोष्ट आहे. खाचा मात्र खऱ्या आहेत, आणि त्याच तत्त्वावर आजचं पाचशेचं पेनसुद्धा चालतं.

याच काळात सोन्याची निब रुळली. आता गंमत बघा, सोनं इथे दागिना म्हणून आलेलं नाही. तेव्हाची शाई मायफळ आणि लोखंडाचा क्षार यांची असे. ती आम्लधर्मी. साधं पोलाद ती खाऊन टाकायची, सोन्याला काही होत नसे. पण सोनं मऊ, कागदावर झिजणार. म्हणून टोकाला ऑस्मियम-इरिडियमसारख्या कठीण धातूचा बारीक दाणा जोडायचे. म्हणजे कागदाला सोनं टेकतच नाही, टेकतो तो दाणा! आज बहुतेक शाया सौम्य आहेत आणि न गंजणारं पोलाद स्वस्त आहे. सोन्याच्या निबची मूळ गरज जवळजवळ संपली, किंमत मात्र टिकून राहिली. आणि १८ कॅरट म्हणजे १४ कॅरटपेक्षा लिहायला चांगली, असंही नसतं. निब लवचीक की ताठ, हे तिच्या आकारावर आणि जाडीवर जास्त ठरतं.

दुसरं उत्तर १९२० च्या दशकातलं: टिकाऊपणाच्या हमीचे पैसे. अमेरिकेत शेफर कंपनीनं १९२० साली पावणेनऊ डॉलरचं 'लाइफटाइम' पेन काढलं, त्याला जन्मभराची हमी. पुढच्याच वर्षी पार्करनं सात डॉलरचं 'ड्युओफोल्ड' आणलं, पंचवीस वर्षांच्या हमीचं. बहुतेक पेनं काळी असायची, हे लालभडक नारिंगी. शेफरच्या टोपणावर १९२४ पासून पांढरा ठिपका आला. त्याचा अर्थच मुळी 'या पेनला आजन्म हमी' असा होता. आपण आज अशा खुणांकडे प्रतिष्ठेचं चिन्ह म्हणून बघतो. ही खूण दुरुस्तीचं वचन होती. त्याच १९२४ मध्ये हँबर्गच्या माँब्लांकनं 'माइस्टरश्टुक' हे नाव वापरायला सुरुवात केली. शब्दाचा अर्थ, उस्तादाच्या हातचं काम.

जपानमध्ये याच सुमारास वेगळं काही चाललं होतं. पेनं एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असत, आणि उजेडात त्यांचा काळा रंग विटायचा. नामिकी कंपनीनं, म्हणजे आजच्या पायलटनं, त्यावर पारंपरिक लाखेचा लेप दिला. मग त्या ओल्या लेपावर सोन्याची पूड पेरून चित्रं काढण्याची तिथली जुनी कला, माकी-ए, पेनवर आली. १९३० साली लंडनच्या डनहिलशी करार झाला आणि ही पेनं युरोपात गेली. इथे पैसे हातकामाचे होते, पण सुरुवात झाली होती ती रंग विटण्यापासून.

तिसरं उत्तर, वेगाचे पैसे. पार्करनं १९४१ साली 'पार्कर ५१' बाजारात आणलं. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, त्यामुळे ती लवकर सुकत नसे, आणि सोबत झटकन वाळणारी शाई. टिपकागद नको. किंमत साडेबारा डॉलरपासून पुढे. हा आकडा लक्षात ठेवा. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिंबेल्स या दुकानात रेनल्ड्सचं बॉलपेन विक्रीला आलं, लोकांची झुंबड उडाली. किंमत? तीच, साडेबारा डॉलर. ते बॉलपेन काही फार चांगलं नव्हतं, पण पुढच्या काही वर्षांत बॉलपेनच्या किमती कोसळल्या, आणि १९५० मध्ये फ्रान्समध्ये बिकचं स्वस्त बॉलपेन आलं. न गळणं, टिकणं, भरभर लिहिणं, ही सगळी कामं चिल्लर पैशांत होऊ लागली.

मग फाउंटन पेनकडे विकायला काय उरलं? चौथं उत्तर: नाव. माँब्लांकचंच उदाहरण घ्या. त्यांचं जाडजूड '१४९' हे पेन १९५२ चं. १९७७ मध्ये डनहिलनं ही कंपनी घेतली. पुढे स्वस्त पेनं बंद होत गेली आणि सगळा भर चैनीच्या वस्तूंवर आला. १९९२ मध्ये त्यांनी लोरेंझो दे मेदिचीच्या नावानं पेन काढलं, मोजून ४८१०. माँब्लां शिखराची उंची म्हणून जो आकडा निबवर कोरतात, तोच हा. दुर्मीळपणा कारखान्यात ठरवून तयार होऊ लागला.

याचं टोक आपल्या देशानं पाहिलं. २००९ मध्ये याच कंपनीनं महात्मा गांधींच्या नावाची २४१ पेनं काढली. दांडीयात्रेचे २४१ मैल, म्हणून २४१. एकेकाची किंमत अकरा लाखांच्या वर! प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये भारतातली विक्री थांबली. आता याच्याशेजारी दुसरी घटना ठेवा. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन बनवून गांधींना पाठवलं, आणि गांधींनी १९३५ साली वर्ध्याहून पत्र लिहून त्याची पोच दिली. त्यात ते पेन परदेशी पेनांची जागा घेऊ शकेल असा निर्वाळा होता. गांधींनी स्वतः पेनला लावलेली कसोटी कोणती, तर ते वापरून पाहणं.

तर मग निवडायचं कसं? दुकानात गेलात की किंमतीचे चार तुकडे करा: निब, दुरुस्तीची हमी, हातकाम आणि नाव. प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारा. निबसाठी, आपल्या रोजच्या कागदावर शाईत बुडवून लिहून बघा, आणि इंग्रजी सही न करता मराठीत चार ओळी लिहा. 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध्य' लिहा. जपानी निबा साधारणपणे युरोपीय निबांपेक्षा बारीक असतात. अक्षर लहान असेल आणि जोडाक्षरं भरून जात असतील, तर त्या सोयीच्या. चपट्या निबा बहुधा रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. देवनागरीचा बोरू त्याच्या उलट्या तिरकसपणे कापतात, त्यामुळे जाड-बारीक रेघा अपेक्षेप्रमाणे येतीलच असं नाही. हमीसाठी विचारा: दट्ट्या बिघडला तर दुरुस्ती कुठे होते, किती दिवसांत? हातकाम असेल तर कारागिरानं नेमकं काय केलंय, ते विचारा. आणि उरलेली रक्कम नावाची.

नावाचे पैसे देऊच नयेत, असं मी म्हणणार नाही. २ सप्टेंबर १९४५ ला जपानच्या शरणागतीवर सह्या करताना जनरल मॅकार्थर यांनी जी पेनं वापरली, त्यांत एक त्यांच्या पत्नीचं लाल ड्युओफोल्ड होतं. पेनशी माणसाचं नातं असतं, आणि त्यासाठी कुणी खर्च करत असेल तर हरकत नाही. फक्त तो खर्च नावाचा आहे हे माहीत असावं, निबचा समजून करू नये. इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ या.