वामनवृक्षाची कुंडी आणि आपली माती

ज्ञातीच्या स्मरणिकेत कुंडीसारख्या क्षुद्र वस्तूचा इतिहास कशास, अशी शंका काही ज्ञातिबांधवांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आपल्या गावांच्या गेल्या अर्धशतकाच्या वृत्तान्तात आहे. सारसोळे हे नेरूळनजीक ठाणे खाडीच्या काठी वसलेले आगरी-कोळी वस्तीचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या नगरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे कार्य सुरू झाले. त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात, जानेवारी १९८४ मध्ये, पाच जणांनी प्राण वेचले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. अन्यत्र धरणासाठी वा खाणीसाठी गाव उठते आणि माणसे दुसरीकडे जातात. येथे गाव जागच्या जागी राहिले आणि शेत निघून गेले. भाताची खाचरे गेली, मिठागरे गेली, अंगणे आखडली, आणि तुळस गॅलरीत येऊन बसली. ज्या घरी माती म्हणून जे काही उरले आहे ते कुंडीत उरले आहे. तेव्हा ती कुंडी कशाची असावी हा विचार आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

आपल्यातील तरुण मंडळी अलीकडे वामनवृक्षाच्या, म्हणजे बोन्सायच्या, नादास लागली आहेत ही आनंदाची गोष्ट आहे. बोन्साय या जपानी शब्दाचा अर्थच मुळी पसरट पात्रातील लागवड असा आहे. म्हणजे नावात पात्र आधी आणि झाड मागून. या कलेचे मूळ चीन देशात. तेथे इ. स. ७०६ मध्ये बांधलेल्या एका राजपुत्राच्या थडग्यातील भित्तिचित्रात सेवक अशी पात्रे हाती घेऊन चाललेले दिसतात. जपानात १३०९ च्या एका चित्रगुंडाळीत पात्रांतील ठेंगणी झाडे आढळतात. १९२३ च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाल्यावर तेथील वृक्षकारांनी चांगली माती व पाणी शोधीत ओमिया येथे १९२५ साली नवी वसाहत केली. त्यांचेही मूळ ठिकाण सुटले; विद्या मात्र त्यांनी सुटू दिली नाही.

या झाडांसाठी जपानातील तोकोनामे गावचे कुंभार ज्या कुंड्या करतात त्या फार उंच आंचेवर, सुमारे १२०० अंशांपर्यंत, भाजलेल्या असतात. देवदार-सुरूच्या जातीच्या झाडांस बिनझिलईची आणि फुलाफळांच्या झाडांस झिलईची कुंडी, असा तेथील संकेत आहे. इतक्या कठीण भाजणीचे एक मोठे कारण तेथील थंडी होय. सच्छिद्र मातीत मुरलेले पाणी हिवाळ्यात गोठते, गोठताना फुगते, आणि भांडे फोडते. भाजणी जितकी पक्की तितके पाणी कमी मुरते.

आता आपल्याकडे दृष्टी वळवू. कोकणपट्टीत पाणी गोठत नाही. येथे चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि झाडाचे मरण येते ते कुजलेल्या मुळांतून. आपल्या कुंभाराचा आवा साधारणतः ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापतो. म्हणून त्याचे भांडे मऊ व सच्छिद्र होते. या गुणाचा उपयोग आपल्या पूर्वजांस ठाऊक होता. नवरात्रात मातीवर धान्य पेरून मध्ये पाण्याचा घट मांडतात. त्या घटाच्या अंगातून पाझरणाऱ्या ओलाव्यावर धान्य रुजते. तोच घट काचेसारख्या झिलईचा असता तर ही रुजवण त्याच्या पाझरावर झाली नसती. पसरट पात्रही आपणांस परके नाही; परळ हे मातीचे उथळ भांडे आपल्या भाषेत पूर्वापार आहे. वड, पिंपळ, उंबर ही आपल्या भिंतींच्या फटींतही तग धरणारी झाडे. जाड काठाच्या, तळाशी भोके असलेल्या परळात ती उत्तम वाढतात.

तथापि केवळ अभिमानाने निवड करू नये. मऊ भाजणीचा वैरी मीठ होय, आणि हे मिठागरे पिकविणाऱ्या आगऱ्यास कोणी शिकवावयास नको. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी कुंडीस घातले की क्षार तिच्या अंगातून बाहेर येऊन वाळतात, पांढरा लोणा चढतो, आणि पापुद्रे सुटू लागतात. ज्यांस असेच पाणी वापरणे भाग आहे त्यांनी पक्क्या भाजणीची कुंडी घ्यावी. ग्रीष्मात मातीची कुंडी लवकर सुकते. तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे लागते, हेही ध्यानी असावे.

इतर पदार्थांविषयी थोडक्यात सांगतो. सिमेंटची नवी कुंडी चुन्याचा अंश सोडते. ती कित्येक दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलीत राहून, मग वापरावी. पत्र्याचा डबा उन्हात तापून मुळे भाजतो आणि गंजतो. प्लास्टिक हलके व स्वस्त खरे, पण त्याच्या अंगातून वारा खेळत नाही. रोप लहान असेतोवर ते चालेल. झिलई घ्यावयाची तर बाहेरून असावी, आतून नसावी. माप असे की, कुंडीची खोली बुंध्याच्या जाडीइतकी व लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश असावी. परीक्षा आपल्या आजीची: टिचकी मारावी, खणखणीत नाद आला तर भाजणी चांगली, बद्द आला तर कच्ची किंवा तडा गेलेली.

तात्पर्य, परदेशी कुंडी ही तिच्या देशाच्या हवेचे उत्तर आहे; आपल्या हवेचे उत्तर आपण शोधले पाहिजे. कुंभाराकडे मडकी मागणारी गिऱ्हाइके घटली, त्याचबरोबर भाजणीचे ज्ञानही मावळत चालले आहे. गॅलरीत एक उंबर वाढविणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने जवळच्या कुंभारास आपल्या मापाचे परळ करावयास सांगितले, तर दोन विद्या एकदम जगतील. गेलेले शेत कुंडीत परत येत नाही. परंतु माती ओळखणारा हात त्यामुळे पुढच्या पिढीत राहील. ज्ञातिबांधवांनी या सूचनेचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. इत्यलम्.