स्वयंपाकघरातील कारखाना



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर चढला, म्हणजे तो गिरण्यांविषयी, संपांविषयी, फार तर बोनसविषयी बोलणार असे लोक धरून चालतात. आम्हीही पुष्कळदा तसेच बोललो आहोत. आज मात्र ज्याला भोंगा नाही, फाटक नाही आणि हजेरीपटही नाही, अशा एका कारखान्याचा इतिहास आम्ही सांगणार आहोत. हा कारखाना जेवणाच्या मेजावर मावतो. दिवसा दुसरीकडे नोकरी करणारा एखादा माणूस रात्री ताटे उचलली गेली की त्याच मेजावर वीस-पंचवीस सर्किट बोर्ड तयार करतो, इंटरनेटवर त्यांचे चित्र आणि किंमत टाकतो, आणि कोण कुठला ग्राहक सातासमुद्रापलीकडून त्याला पैसे पाठवतो. मालक तोच, कारागीर तोच, पाकीट घेऊन टपालकचेरीत जाणारा हमालही तोच. तेथे युनियनवाल्याचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे काम एवढेच की, या माणसाच्या मजुरीचा आकडा कोणत्या वहीत लिहिला जातो ते पाहणे.

प्रथम ही वस्तू काय ते सांगतो. जुना रेडिओ ज्यांनी उघडून पाहिला असेल त्यांना आतला तारांचा गुंता आठवेल. ती एकेक तार कोणीतरी हाताने जोडलेली असे. पुढे त्या गुंत्याची जागा एका सपाट पाटीने घेतली. काचतंतूंच्या पाटीवर तांब्याचा पातळ थर असतो. हवे तेवढे तांबे झाकून बाकीचे रसायनाने खाऊन टाकले, की उरलेल्या रेषा तारांचे काम करतात. ही युक्ती व्यवहारात आणणारा पॉल आइस्लर हा व्हिएन्नाचा ज्यू इंजिनियर. १९३६ साली तो लंडनला आला. छपाईच्या धंद्याशी त्याचा पूर्वी संबंध आलेला होता, आणि शाईने अक्षर उठते तशी तार का उठू नये, हा विचार तेथूनच आलेला दिसतो. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफगोळ्यांच्या फ्यूजसाठी अमेरिकेने हे तंत्र वापरले. शांततेच्या काळात ते रेडिओत आले, मग दूरचित्रवाणीत, आणि आता घरात त्यावाचून चालणारे यंत्र शोधावेच लागेल.

परंतु छपाईचे गुण आले तसा छपाईचा दोषही आला. पहिली प्रत महाग, हजारावी स्वस्त. फिल्म काढणे, छिद्रे पाडण्याचे यंत्र जुळवणे, हा खर्च दहा बोर्डांना येई तेवढाच दहा हजारांना येई. साहजिकच दहा बोर्ड मागणाऱ्याला कारखानदार दारातूनच परत लावी. मग हौशी माणूस घरीच फेरिक क्लोराइडच्या तबकात पाटी बुडवून बसे. त्या द्रावणाचे तपकिरी डाग लादीवरून सहसा जात नाहीत, आणि या उद्योगाला पहिला विरोध घरातूनच झाला असला तर तो या कारणाने, असा आमचा तर्क आहे.

आता १९७५ सालाकडे वळू. त्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाने आपल्या मुखपृष्ठावर ‘आल्टेअर’ नावाचा, सुट्या भागांतून घरी जोडायचा संगणक छापला. मार्चच्या ५ तारखेला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ तो हाच. त्या पहिल्या बैठकीस स्टीव्ह वॉझनियाक हा ह्यूलेट-पॅकार्डचा नोकर हजर होता. त्याने पुढे स्वतःचा संगणक रचला आणि त्याचे आराखडे क्लबात फुकट वाटले. लोकांनी कागद घेतले. पण जोडत बसायला वेळ आणि हात सर्वांजवळ कोठे असतात? त्याचा मित्र स्टीव्ह जॉब्स याने ही गोष्ट हेरली. वीस डॉलरांत कोरा बोर्ड छापून घ्यावा आणि चाळीसला विकावा, एवढाच प्रथमचा बेत होता. भांडवल म्हणून एकाने आपली फोक्सवॅगन गाडी विकली, दुसऱ्याने गणकयंत्र.

तेवढ्यात पॉल टेरेल या दुकानदाराने ५० नग मागितले, पण जोडून तयार केलेले. प्रत्येकी ५०० डॉलर, माल मिळताच रोख. सुटे भाग तीस दिवसांच्या उधारीवर आणले, आणि जॉब्सच्या आईवडिलांचे घर कारखाना झाले. १९७६ सालची ही गोष्ट. त्या ‘ॲपल वन’चे सुमारे २०० नग झाले आणि किरकोळ किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट ठेवली गेली. या कथेचे पोवाडे पुष्कळ झाले आहेत. आम्हांला तीतली एकच नोंद महत्त्वाची वाटते. बोर्डावर चिप्स बसवण्याचे काम जॉब्सची बहीण पॅटी हिने केले, आणि तिला बोर्डामागे एक डॉलर मिळाला. पाचशेतला एक. ती घरचीच होती, तक्रार कोणी केली नाही, कोणाला ती सुचलीही नसेल. पण घरात कारखाना आला की पहिला नगदर घरच्या माणसाचाच ठरतो, आणि तो ठरवताना समोर बसून बोलणारे कोणी नसते, हे ज्यांनी सिन्नरच्या किंवा सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायका पाहिल्या आहेत त्यांना निराळे सांगायला नको.

त्याच खोऱ्याची दुसरी बाजू १९९९ साली सॅन होजेच्या एका वृत्तपत्राने उजेडात आणली. मोठ्या कारखान्यांचे बोर्ड संध्याकाळी व्हिएतनामी निर्वासितांच्या घरी जात, स्वयंपाकघरात त्यांना सोल्डर लागे, आणि मजुरी नगावर. ते मेजही जेवणाचेच, वास तोच, रात्रही तीच. फरक इतकाच की बोर्डाचा आराखडा त्यांचा नव्हता, आणि विकणारे तेही नव्हते. आमच्या परिचयाची एक भगिनी रेडिओच्या कारखान्यात वीस वर्षे जोडणीवर होती. तो बंद पडल्यावर ती आता चार्जरचे बोर्ड घरी आणून नगावर जोडते. एकदा आम्ही तिला इंटरनेटवर बोर्ड विकणाऱ्या एका तरुण इंजिनियराचे छायाचित्र दाखविले. ती म्हणाली, “दादा, सोल्डरची बंदूक तर माझ्यासारखीच दिसते.”

कायद्याने ही सीमारेषा आखण्याचा प्रयत्न केला आहे. आपल्याकडे १९६६ च्या कायद्याने घरी विडी वळणाऱ्या स्त्रीला कामगार म्हटले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरकामाविषयी १७७ क्रमांकाचा करार केला. हत्यारे आणि सामान कोणाचे हा प्रश्न त्यात गौण मानला आहे. ज्याला स्वतंत्र म्हणवण्याइतकी मोकळीक आणि आर्थिक बळ आहे तो मात्र घर-कामगार नव्हे. आमच्या मेजावरच्या माणसाला ही कसोटी लावली तर तो कोठे बसतो? याचे उत्तर बाजार कोणाच्या हातात आहे यावर ठरते. म्हणून आता बाजाराकडे येऊ.

इंटरनेटने दोन गाठी सोडवल्या. एक ग्राहकाची. पुण्याच्या बुधवार पेठेत वा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्या वस्तूला वर्षात दोन गिऱ्हाइके मिळणार नाहीत, तिला सबंध जगात दोनशे मिळतात. कोलोरॅडोतील बोल्डर येथे नेथन साइडल या विद्यार्थ्याने २००३ साली ‘स्पार्कफन’ काढले. लिमोर फ्राइड हिने २००५ साली एम्.आय्.टी.तल्या आपल्या खोलीतून ‘ॲडाफ्रूट’चा आरंभ केला. दोन्ही पुढे मोठ्या संस्था झाल्या.

दुसरी गाठ त्या पहिल्या महाग प्रतीची, आणि ती सोडवण्याची रीत आम्हां सहकारवाल्यांना फार आवडते. कारखान्यातली मूळ पाटी मोठी असते; हौशी माणसाचा बोर्ड काडेपेटीएवढा. तेव्हा पाचपन्नास अनोळखी माणसांचे आराखडे एकाच पाटीवर दाटीवाटीने मांडायचे, खर्च वाटून घ्यायचा आणि शेवटी पाटी कापून ज्याचा तुकडा त्याला पाठवायचा. गावच्या दहा शेतकऱ्यांनी मिळून भाजीचा एक ट्रक भरावा तसेच हे. अमेरिकेत ऑरेगनमधील पोर्टलंड येथे हौशी मंडळींच्या अशाच सामायिक मागणीतून ‘ओ.एस्.एच्. पार्क’ ही सेवा निघाली. तिचे बोर्ड जांभळे असतात, आणि चौरस इंचाला पाच डॉलर दराने तीन प्रती मिळू लागल्या. दहा बोर्ड मागणाऱ्याला परत लावणारे दार अशा रीतीने उघडले गेले. ते कोणा धनिकाने उघडले नाही, हे ध्यानात घ्यावे.

इटलीत इव्ह्रेआ हे लहान गाव आहे. टंकयंत्रे करणाऱ्या ऑलिव्हेट्टीचे ते गाव. कामगारांसाठी ग्रंथालये आणि घरे बांधणारा कारखाना म्हणून आम्ही त्याचे नाव तरुणपणी वाचले होते. तेथल्या एका डिझाइन-शाळेत २००५ साली ‘आर्डुइनो’ हा विद्यार्थ्यांना परवडेल असा बोर्ड तयार झाला. शाळा बंद होण्याच्या बेतात होती. ती बुडाली तर आराखडा कोणाच्या तरी कपाटात कुलूपबंद होईल, या भीतीने मासिमो बांझी आणि त्याच्या सोबत्यांनी तो जगाला खुला केला. नाव तेवढे राखून ठेवले. अर्थात त्याच शाळेतील एर्नांदो बारागान याच्या ‘वायरिंग’ या आधीच्या कामाचे ऋण पुरेसे मानले गेले नाही, अशी खंत त्याने पुढे मांडली. आणि राखून ठेवलेल्या त्या नावावरूनच भागीदारांत २०१५ च्या सुमारास कज्जेदलाली झाली. असो. खुल्या आराखड्यामुळे जगभरच्या शेकडो मेजांवर काम सुरू झाले, हे मात्र खरे.

२०१२ साली एमिल पेट्रोन याने ‘टिंडी’ हा घरगुती बोर्डांचा खास बाजार इंटरनेटवर उघडला. विक्रीवर पाच टक्के दलाली. आडतीच्या मानाने हा दर जड म्हणता येणार नाही. पण २०१५ मध्ये हा बाजार ‘सप्लायफ्रेम’ने घेतला, आणि २०२१ मध्ये ‘सप्लायफ्रेम’ जर्मनीच्या सीमेन्सने घेतली. मेजावर वीस बोर्ड जोडणारा माणूस असा दोन सह्यांत, आपण न हलता, जगातील एका बलाढ्य उद्योगाच्या मांडवात येऊन बसला. दलाली देणारे ते सारे. मतदान मात्र कोणाचेच नव्हते.

आता त्या वहीकडे येऊ. आकडे आमचे, केवळ उदाहरणादाखल. समजा वीस बोर्ड केले. प्रत्येकाचे सामान ४०० रुपयांचे, म्हणजे ८,००० रुपये. दोन बिघडले, अठरा प्रत्येकी हजाराला गेले, आले १८,०००. दलाली ९००, पैसे पोचवणाऱ्यांचा आकार आणि पाकिटे मिळून ११००. उरले ८,०००. माणूस खूश होतो. पण जोडणी, तपासणी, पाकिटे आणि ग्राहकांची पत्रे यांत ३३ तास गेले, आणि आराखडा रचून दोनदा चुकवून तिसऱ्यांदा जमवण्यात ६० तास. ९३ तासांनी भागले, तर तासाला ८६ रुपये. दुसऱ्या खेपेला ते ६० तास लागत नाहीत, आणि तोच दर २४२ वर जातो. म्हणजे त्याची खरी मजुरी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेत आहे. नक्कल करणारा नेमका तेथेच येतो, कारण त्याला ते ६० तास कधी लागलेलेच नसतात. चीनमधील शेन्झेन शहरात आज पाच कोरे बोर्ड दोन डॉलरांत छापून मिळतात, वर सुटे भागही यंत्राने बसवून मिळतात. याचा लाभ आमच्या मेजावरचा माणूसही घेतो. रात्रपाळीला ते यंत्र कोण चालवते हे त्याला दिसत नाही. आमच्या परिचयातील अशा काही तरुणांना आम्ही हा हिशेब करून दाखवला. एकाने वही मिटली आणि म्हटले, “काका, रविवारचे तास धरू नका.” त्याचे काम आम्ही पाहिले आहे. स्वतः योजलेली वस्तू स्वतः जोडून, परदेशातील अनोळखी ग्राहकाच्या पत्राला स्वतः उत्तर देताना त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते जोडणीच्या साखळीवर आम्हांला तीस वर्षांत दिसले नाही. तरीही रविवारचे तास आम्ही धरले.

या धंद्याचा सर्वांत नाजूक अवयव टपाल आहे. बावीस युरोंच्या आतील आयात मालाला युरोपीय संघात मूल्यवर्धित करातून जी सूट होती ती १ जुलै २०२१ ला संपली. अमेरिकेने ८०० डॉलरांखालील पार्सलांची करमाफी चिनी मालापुरती २ मे २०२५ ला आणि सर्व देशांसाठी २९ ऑगस्टला काढून घेतली. शुल्क कोणी, कसे गोळा करावे याचा नीट बंदोबस्त नव्हता. म्हणून आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणेच थांबवले. मोठ्या व्यापाऱ्याची गोदामे तिकडे असतात, त्याचे अडत नाही. मेजावरच्या माणसाला ती एकच खिडकी होती. १५ ऑक्टोबरला ती पुन्हा उघडली, तेव्हा जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क पार्सल देतानाच आगाऊ भरायचे होते. हजार रुपयांच्या बोर्डावर ५०० रुपये.