कमी ऐकणारी तार

१९१२च्या अमेरिकी कायद्याने हौशी रेडिओवाल्यांना २०० मीटर आणि त्याहून आखूड तरंगलांबी देऊन टाकली. लांबच्या संदेशवहनासाठी हा पट्टा निरुपयोगी, असं तेव्हा तज्ज्ञांचं मत. गावाबाहेरची खडकाळ जमीन वाटून मोकळं व्हावं, तसला प्रकार.

फेब्रुवारी १९२१मध्ये या हौशींनी अटलांटिकपलीकडे सिग्नल पाठवून पाहिले. ब्रिटनमध्ये कुणालाच काही ऐकू आलं नाही. मग दोष कुणाचा? पाठवणाऱ्याचा, की ऐकणाऱ्याचा? (सर्व्हर की क्लायंट, हे भांडण आमच्या ऑफिसातही रोज चालतं.) अमेरिकन रेडिओ रिले लीगने सरळ आपलाच एक कान पलीकडे पाठवला : पॉल गॉडली. सोबत त्याचे रिसीव्हर. पुन्हा शांतताच मिळाली असती, तर तज्ज्ञांचं म्हणणं खरं ठरलं असतं.

डिसेंबरात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, आर्ड्रोसनजवळच्या एका शेतात त्याने तंबू ठोकला. थंडी, पाऊस, वारा. उंच मनोरा नाही. सुमारे १,३०० फूट लांबीची एक तार, जमिनीपासून जेमतेम १२ फुटांवर, खांबांवरून अमेरिकेच्या दिशेने ताणलेली. लांबून पाहणाऱ्याला कपडे वाळत घालायची दोरीच वाटली असती.

ही हॅरल्ड बेव्हरेजची अँटेना. तिचं पेटंट त्याच वर्षी जूनमध्ये मिळालं होतं. क्षितिजालगत येणारी लहर खराब वाहक जमिनीवरून जाताना किंचित पुढे झुकते. त्या झुकावामुळे तारेत प्रवाह तयार होतो आणि लहरीबरोबर पुढे सरकताना वाढत जातो. समोरून आलेला सिग्नल असा रिसीव्हरच्या टोकाला गोळा होतो. पाठीमागून आलेला उलट टोकाला जातो आणि तिथे जमिनीशी जोडलेल्या रोधात जिरतो. जमीन खराब असेल तर तार चांगली चालते, हे मला फार आवडतं.

खरी गंमत पुढे आहे. ही तार सिग्नल जोरात पकडत नाही, उलट क्षीणच पकडते. पण कमी फ्रिक्वेन्सीवर विजांची खरखर सगळीकडून येत असते आणि बाकीच्या दिशांची खरखर ही तार त्याहून कितीतरी जास्त कापते. आवाज रिसीव्हरमध्ये वाढवता येतो. त्यात एकदा मिसळलेली खरखर वेगळी काढणं अवघड.

१२ डिसेंबरच्या पहाटे कनेक्टिकटमधल्या ग्रीनिच इथल्या १बीसीजी केंद्राचा अख्खा संदेश गॉडलीने उतरवून घेतला. अंतर सुमारे ५,००० किलोमीटर, तरंगलांबी साधारण २३० मीटर. ते केंद्र उभारणाऱ्यांत एडविन आर्मस्ट्राँग होता. गॉडलीच्या तंबूतला सुपरहेटरोडाइन रिसीव्हर ही मुळात त्याचीच कल्पना. काही ब्रिटिश हौशींनीही त्या दिवसांत घरच्या साध्या साधनांवर अमेरिकी केंद्रं पकडली, त्यामुळे सगळं श्रेय तारेला देता येत नाही. पण खडकाळ जमीन पिकते, हे त्या आठवड्यात ठरलं.

१६० आणि ८० मीटरवरचे हॅम आजही पाठवायला एक अँटेना वापरतात आणि ऐकायला दुसरी. जागा असेल तर बेव्हरेजच. आमच्या सोसायटीत एवढी तार ताणायची, तर ती शेजारच्या दोन सोसायट्या ओलांडून जाईल. त्यात एलईडी दिवे आणि चार्जर यांची खरखर विजांच्याही वर. अशा ठिकाणी लोक छोटा लूप वापरतात. तो फिरवत राहायचा आणि त्याची बहिरी बाजू सर्वांत गोंगाट करणाऱ्या फ्लॅटकडे आली की थांबायचं.